मासे वर येतायत

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, जाळ्यांच्या जुन्या शेडवर
आमचं ऑफिस. चार टेबलं, एक हीटर,
आणि खिडकीत एकच डोंगर, कधी अर्धा, कधी नाहीच.
आमचं सॉफ्टवेअर साल्मनच्या पिंजऱ्यांवर नजर ठेवतं:
खाद्य किती गेलं, पाण्यात प्राणवायू किती,
रात्रीतून मेले किती.
ते लिहिलं हॉग्नीनं, एकट्यानं, सहा हिवाळ्यांत.
ते कसं वापरायचं हे लिहायला मला घेतलं.

हॉग्नीला विचारलं, हे बटण काय करतं?
म्हणाला, कळतंच की, रानवा.
त्याला कळतंच.
स्वतःच्या घरात दिवे गेले तरी
कुणाची करंगळी पलंगाला आपटत नाही.
पाहुण्याची आपटते.

म्हणून वर्षभर मी पाहुणी झाले.
प्रत्येक खोलीत मुद्दाम अंधारात शिरले,
जिथे लागलं तिथे खूण केली.
‘सहज’ हा शब्द सगळीकडून खोडला,
‘फक्त’ खोडला, ‘अर्थातच’ तर आधीच.
ज्याला सहज जमतं
तो आमच्या पानावर येतोच कशाला?

हॉग्नीचे दोन दिवस गेले माथ्यावरचा निळा ठरवण्यात.
डावीकडे यादी, वर शोधपेटी,
दोनशे चौदा पानं,
त्यातलं एक्काहत्तरावं:
‘प्राणवायूच्या किमान मर्यादेचे निर्धारण’.
मार्चमध्ये साइट सुरू झाली. रूबार्बचा केक आणला.
मीच कापला.

मग ऑगस्टातला एक सोमवार.
लोक काय शोधतात त्याची नोंद चाळत होते.
रात्री दोन सत्तेचाळीस: ‘मासे वर येतायत’.
शून्य निकाल.
दोन अठ्ठेचाळीस: ‘मासे वर येतयात’.
शून्य निकाल.
दोन पन्नास: ‘मासे’.
दोनशे चौदा निकाल.

त्यानंतर काही नाही.

कुठला पिंजरा, कुणाची पाळी, नोंद सांगत नाही.
केक घशात अडकावा तसं झालं, पाच महिन्यांनी.

मी हानुसबरोबर खाद्याच्या तराफ्यावर गेले.
वारा असा की बोललेलं अर्धं समुद्रालाच ऐकू गेलं.
त्याला म्हटलं, आमचं पान उघडून दाखव.
हातमोजे ओले, स्क्रीन दाद देईना,
तर त्यानं मान वाकवली आणि
नाकाच्या शेंड्यानं पान सरकवलं.
एकदा. दोनदा. पाच वेळा.
माझी प्रस्तावना संपेना.

मासे वर आले, पाण्याबाहेर तोंडं उघडायला लागले,
तर पहिलं काय करतोस?
खाद्य बंद, तो म्हणाला,
जसं काही मी विचारलं होतं, श्वास कसा घेतोस.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा; खरंय,
पण रात्री मागच्याला ना ठेच दिसते ना दगड.
मधल्या कुणीतरी परत जाऊन
दगडाला चुना फासावा लागतो.

एक्काहत्तरावं पान पुसलं.
नवं नाव: मासे वर येतायत.
चुकीच्या स्पेलिंगनेही सापडेल असं केलं.
खाली, नाकाला त्रास न देता दिसतील अशा तीन ओळी:
खाद्य बंद करा.
हवेचा दुसरा पंप चालू करा.
मग फोन करा.
कारणं पार तळाशी ठेवली, उजाडल्यावर वाचायला.
हॉग्नी म्हणाला, एवढंच?
मी म्हटलं, एवढंच. सहा आठवडे लागले.

ऑक्टोबरात एकदा,
पहाटे तीन दहाला, कुणीतरी ते पान उघडलं.
चाळीस सेकंद थांबलं.
गेलं.

मासे वाचले का, माहीत नाही.
पानाच्या शेवटी मी विचारलंय,
उपयोग झाला का? हो, नाही.
त्यानं काहीच दाबलं नाही.

हात मोकळे नसतील.